कायमचा दाखला

आमच्या घराला दाखला लागायचा. माणसांना नव्हे, घराला. हे घर राहण्यालायक आहे असं नगरपालिकेच्या कागदावर लिहून आलं तर आम्ही आत राहायचं, नाही आलं तर भांडीकुंडी उचलून गावाबाहेरच्या झोपड्यांत जायचं. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. हसा बापड्यांनो! तुमच्या डोक्यावरची कौलं सरकारी माणसांनी उतरवून अंगणात रचली असती, म्हणजे कळलं असतं.

मी सांगतेय ते नंदुरबारचं, प्लेगच्या काळातलं. पावसाळा सरून थंडी पडायला लागली की घराघरांत उंदीर मरून पडायचे आणि त्यांच्या मागोमाग माणसं. एका वर्षी आमच्या गल्लीतही तेच झालं. कौलं काढली, भिंतींना चुना फासला, जमिनीवर कसलंसं उग्र वासाचं औषध ओतलं आणि सगळी गल्लीच्या गल्ली नाल्यापलीकडे नेऊन झोपड्यांत ठेवली. त्या झोपडीत माझी धाकटी बहीण गेली. प्लेगने नाही, थंडीने. तट्ट्याच्या भिंती, त्यातून वारा नुसता शिरत राहायचा. माय पुढे तिचं नाव कधी काढायची नाही. पण गावाबाहेर जावं लागेल असं कुणी नुसतं म्हटलं, तरी तिचे हात थरथरायला लागायचे आणि हातातलं काम बाजूला राहायचं.

त्यानंतर नगरपालिकेने नियम काढला. ज्याचं घर स्वतःच्या मालकीचं, त्याने दरसाल तपासणी करून घ्यायची. घरात बिळं नकोत, खड्डे नकोत, जमीन पोकळ नको. सगळं ठीक निघालं तर दाखला मिळायचा, मुदत एक वर्षाची. वर्ष सरलं की तो कागद रद्दी. पुन्हा तपासणी, पुन्हा नवा दाखला. भाड्याने राहणाऱ्याला कुणी विचारत नसे, त्याचं काय ते त्याचा घरमालक बघे. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "घर लिन्हं हाईच चुकनं." घर घेतलं हेच चुकलं, असं म्हणायचे आणि वर हसायचे, कारण घराचा त्यांना अभिमान होता. दोन खणांचंच घर, पण आजोबांनी लुगडी विणून विणून घेतलेलं.

आम्ही घरात अहिराणीच बोलायचो. इथे लिहिताना मी बरंचसं शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, पण काही वाक्यं तशीच ठेवलीत. ती मला दुसऱ्या बोलीत ऐकूच येत नाहीत, त्याला मी काय करू?

आता खरी मेख सांगते. आम्ही साळी. आमचा माग जमिनीतला. म्हणजे घरात खड्डा खणलेला असतो, विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खाली पावड्या दाबतो. पावडी दाबली की वरचे ताण्याचे धागे उघडतात, त्यातून धोटा या हातातून त्या हातात जातो. खड्डा नाही तर माग नाही, माग नाही तर चूल नाही, इतका साधा हिशेब. आणि नगरपालिका म्हणते, घरात खड्डा असेल तर घर राहण्यालायक नाही. आता बोला!

गल्लीत सगळ्यांचेच माग, सगळ्यांचेच खड्डे. मग सगळ्यांनी मिळून एक तोड काढली होती. दसरा झाला की पट्टेवाला गल्लीतून ओरडत जायचा, "उद्या तपासणी!" की घरोघर माणसं कामाला लागायची. पावड्या सोडून वर बांधायच्या, ताणा तसाच ठेवायचा, खड्ड्यात माती भरायची, धुम्मसाने चोपायची, वरून शेणाने सारवून घ्यायचं. आमच्या मागच्या दारी त्या मातीचा ढीग कायमचा असे. वर्षातून एकदा ती माती घरात यायची, एखादा दिवस राहायची आणि परत आपल्या जागी जायची. माय तिला माहेरवाशीण म्हणायची. "उनी माहेरवाशीण," म्हणजे आली माहेरवाशीण, असं म्हणत घमेलं आत आणायची, आणि आम्ही हसायचो.

दुसऱ्या दिवशी साहेब यायचे. ते म्हातारे होते, पोट सुटलेलं, धाप लागलेली. लोक त्यांना मागून उंदीरसाहेब म्हणत, त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांचा त्यावर रागही नव्हता. दारातून आत यायचे, ओल्या सारवणाकडे बघायचे, हातातली काठी बरोबर खड्ड्याच्या जागी टेकवायचे. काठी किंचित रुतायची.

"खड्डाबिड्डा नाही ना रे?"

"नाही साहेब," आबा म्हणायचे.

"बरं बरं." आणि सही. झालं! साहेब गल्लीच्या पार टोकाला पोचेपर्यंत अलीकडच्या घरांतून फावड्यांचे आवाज सुरू व्हायचे. त्यांना ऐकू येत नसेल? अहो, बहिरे थोडेच होते. पण त्यांनी कधी मागे वळून बघितलं नाही. देव त्यांचं भलं करो.

आमच्या घरात मात्र माती काढून झाल्यावर आणखी एक काम असायचं, आणि ते इतरांकडे नसायचं. आबांना दिसत नव्हतं. एकदम नाही, हळूहळू गेलेलं. आधी म्हणायचे धूर झाल्यासारखं वाटतं, मग दारातून येणारं माणूस आवाजावरून ओळखायला लागले, मग तेवढा उजेड आणि अंधार कळायचा. गल्लीला ठाऊक होतं. सूत देणाऱ्या शेठला ठाऊक नव्हतं, आणि गल्लीने ते त्याला कळू दिलं नाही. आबा विणायचे ते हातांनी आणि पायांनी. तुटलेला धागा मी सांधायची. लाल सुताच्या कांड्या डावीकडच्या टोपलीत, हिरव्या उजवीकडच्या, अशा मी मांडून द्यायची. लुगडं असं उतरायचं की शेठचा मुनीम बोट लावून बघायचा आणि काही न बोलता घडी घालायचा.

पण हे सगळं त्या खड्ड्याच्या भरवशावर. त्याचा काठ आबांच्या मांड्यांनी झिजलेला. पाय सोडले की टाच कुठे लागते, गुडघा किती वाकतो, पावडी अंगठ्याखाली कुठे येते, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ. म्हणून माती काढायचं शेवटचं काम ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. स्वतः खाली उतरून हातांनी कडा चाचपत, नखांनी खरवडत खड्डा पुन्हा होता तसा करायचे. बसून बघायचे, उठायचे, पुन्हा खरवडायचे. कितीतरी वेळ चालायचं ते. शेवटी एकदा म्हणायचे, "आते पायले लागना," म्हणजे आता पायाला बरोबर बसला, आणि मग मायच्या जिवात जीव यायचा. दरसाल आम्हाला भीती वाटायची की या वेळी नाही जमलं तर?

मग म्हातारे साहेब घरी बसले आणि नवे आले.

नवे पुण्याकडचे. तरणे, सडपातळ, धोतर-कोट, डोक्याला पगडी नाही, टोपी. त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. मला बोलायची इच्छा फार आहे, पण बोलायला काही सापडत नाही, हेच तर दुखणं आहे. मनुष्य भला होता. लाच घेत नव्हता, आवाज चढवत नव्हता, कुणाच्याही घरात शिरताना वहाणा दाराबाहेर काढायचा. आमच्या गल्लीत कोण साहेब वहाणा काढतो हो?

फक्त त्यांनी पट्टेवाल्याला गल्लीत ओरडायला पाठवलं नाही. दाखल्याची मुदत सरत आली होती आणि आम्ही पट्टेवाल्याची वाट बघत होतो. माग चालू, आबा खड्ड्यात पाय सोडून बसलेले, मी शेजारी कांड्या भरते आहे, माय मागच्या दारी सुताला लावायची खळ शिजवते आहे. दारात सावली पडली. मला वाटलं मुनीम. वर बघते तो साहेब, अनवाणी.

मी कांडी भरायची थांबले. आबांनी विचारलं, "कोण शे?"

"तपासणी," साहेब म्हणाले. आत आले. खड्ड्यात वाकून बघितलं. मागच्या दारी गेले, मातीचा ढीग बघितला, परत येऊन पुन्हा खड्डा बघितला. कळायला वेळ लागला नाही त्यांना. हातातल्या वहीत काही लिहायला लागले. शांतपणे म्हणाले, "दाखला नवा करून देता येणार नाही. खड्डा आहे. बाहेर राहायची तयारी करा."

मायच्या हातातला डाव खाली पडला. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ती आता या घरात नाही, त्या नाल्यापलीकडच्या झोपडीत आहे. ती धावत आली आणि तिने साहेबांचे पाय धरले. आणि साहेबापुढे गेल्यावर आमची गरीब माणसं जे करतात तेच तिनं केलं. असेल नसेल तेवढं दुःख त्यांच्या पायाशी ओतलं. पोर झोपडीत मेली, सांगितलं. धनी आंधळा आहे, सांगितलं. ज्या गोष्टीवर सगळ्या गल्लीने पांघरूण घातलं होतं, ती तिने दार उघडं असताना मोठमोठ्याने रडून सांगितली. म्हणाली, साहेब, दरसाल हा आंधळा माणूस आपल्या हातांनी खड्डा भरतो, आपल्या हातांनी उकरतो, बघा त्याची नखं बघा, दया करा!

तिला काय हवं होतं? म्हाताऱ्या साहेबांसारखं काहीतरी. 'बरं बरं' म्हणून त्यांनी मान वळवावी, एवढंच. दयेचा तेवढाच प्रकार तिला ठाऊक होता.

साहेब थांबले. आबांच्या पुढे उकिडवे बसले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. आबांची मान हलली नाही. पण कान लाल झाले, ते मी बघितलं. इतकी शरम मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी बघितली नव्हती. मला त्या क्षणी मायचा राग आला, साहेबांचा राग आला.

"खरंच दरवर्षी तुम्ही हे करता?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

आबा म्हणाले, "हो साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले. मग उठून मायला म्हणाले, "मावशी, रडू नका. तुम्हाला बाहेर जावं लागणार नाही. मी बघतो काय करायचं ते."

माय पदराने तोंड पुसत हसायलाच लागली. साहेब गेल्यावर तिने देवापुढे दिवा लावला. आबा पुन्हा पाय सोडून बसले आणि विणायला लागले, पण बोलले नाहीत. मी मात्र खुशीत होते. वाटलं, सुटलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नगरपालिकेची बैलगाडी उभी राहिली. गाडीत दगड, विटांचे तुकडे, चुन्याची पोती. सोबत मजूर, आणि स्वतः साहेब. चेहरा असा खुललेला की मला अजून आठवतो. त्यांनी रात्रीतून वरच्या साहेबांची परवानगी काढली होती. आंधळ्या माणसाला दरसाल हा त्रास नको म्हणून खड्डा नगरपालिकेच्या खर्चाने दगड-चुन्याने पक्का भरून द्यायचा, सगळी जमीन धुम्मस करून द्यायची, आणि मग दरवर्षीची तपासणी नाही, मुदत नाही, काही नाही. घराला कायमचा दाखला.

"कायमचा?" मायने विचारलं.

"कायमचा. तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

गल्ली दारात जमली होती. कुणीतरी म्हणालं, नशीब काढलं बुवा! समोरचे चाचा, मुसलमान विणकर, आबांचे जुने दोस्त, ते तेवढे खूश नव्हते. त्यांना कळलं होतं. ते पुढे होऊन म्हणाले, "साहेब, इसका करघा है, खड्डा भर गया तो ये खाएगा क्या?"

साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही असं मी म्हणणार नाही. म्हणाले, "माग जमिनीच्या वर लाकडी चौकटीवरही बसवता येतो. धुळ्याकडे बसवतात. बाकावर बसून काम होतं, कंबरही दुखत नाही. आणि घर हे राहण्यासाठी असतं ना? उंदरांच्या संगतीत पोरंबाळं किती दिवस ठेवणार?" यात चूक काय सांगा. मला आजही सांगता येत नाही. प्लेग खरा होता, उंदीर खरे होते, माझी बहीणही खरीच गेली होती.

मायने आबांकडे बघितलं. तिला आता कुठे उमगत होतं. पण ज्या माणसाचे काल पाय धरले, ज्याने दया केली, त्याला आज कोणत्या तोंडाने सांगायचं की साहेब, तुमची दया नको? ती नुसती पदर चावत उभी राहिली.

आबांनी एकच मागितलं. "साहेब, मागावरलं लुगडं उतरू द्या. थोडंच राहिलंय."

साहेब हळहळले. गाडी आणि मजूर आजच्यापुरतेच मिळालेत म्हणाले, उद्या दुसऱ्या पेठेत काम आहे. आमच्यात चालू ताणा कापत नाहीत. दुष्काळातही माणसं लुगडं पुरं करून मगच माग सोडतात. त्या दिवशी मायने विळी आणली आणि ताणा कापला. कापताना धाग्यांचा आवाज होतो, बारीकसा. आबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मग दगड पडायला लागले. काम झाल्यावर साहेबांनी स्वतः त्यावर चालून बघितलं, समाधानाने मान हलवली, दाखला दिला. त्यावर एक अट होती, ती त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. जमीन पुन्हा खणली तर दाखला रद्द, आणि घराला सरकारी कुलूप. मायने दाखला दोन्ही हातांनी घेतला. दुसरं काय करणार होती?

आबांनी प्रयत्न केला नाही असं नाही. चाचांच्या मुलांनी चौकटीचा माग बसवून घेतला होता, त्यांचे डोळे शाबूत होते, ते शिकले. गल्लीतले बाकीचेही हळूहळू शिकले, कारण साहेबांनी सगळ्यांनाच खड्डे बुजवायला लावले. चाचांनी आबांना आपल्या मागावर बसवून बघितलं. बाकावर बसायचं, पाय खाली लोंबते. आबांचे पाय पावडी शोधत हवेत फिरायचे. सापडली तर दाब चुकायचा, दाब जमला तर हात मागे राहायचा. चाचा त्यांचा पाय हातात धरून पावडीवर ठेवायचे, पोराचा धरावा तसा. रोज जायचे आबा, रोज परत यायचे. एक लुगडं कसंबसं उतरलं, ते मुनीमाने उलगडलं आणि पुन्हा घडी घालून आबांच्या मांडीवर ठेवलं. शेठच्या कानावर डोळ्यांची गोष्ट गेलीच होती, मायने सगळ्या गल्लीसमक्ष सांगितल्यावर राहणार कशी? सूत बंद झालं.

माय आणि मी जिनात, कापसाच्या कारखान्यात, जायला लागलो. कापूस निवडायचा, दिवसभर. नाकातोंडात तूस जायचं, खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा. मी शाळा सोडली. त्याचं एवढं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. वाटायचं ते घरी परतल्यावर. आबा खड्ड्याच्या जागीच बसलेले असायचे. जमीन गुळगुळीत, थंड, पाय पुढे पसरलेले. घरात दुसरी जागा नव्हती का? होती. पण ते तिथेच बसायचे, आणि मायने त्यांना उठवलं की चिडायचे, "मी पाय कोठे ठेवू, सांग! कोठे ठेवू?" माय काय सांगणार. तीही मग चिडायची, ताटली आपटायची. आमच्या घरात भांडणं अशी कधी नव्हती.

एकदा मायचा संयम सुटला. जिनातून आली ती शेजारून पहार मागून आणली आणि दार लावून त्या जमिनीवर घाव घालायला लागली. एक टवका उडाला, दुसरा उडाला, पहारेला ठिणगी आली, खड्डा काही होईना. मी तिला मदत करायला खाली बसले. आबांनी आवाज ऐकला तशी हात पसरत पुढे आले, पहार धरली. "घर जाई," म्हणाले. "पोरले लिसन परत त्या झोपडीमा जाशी का?" माय मटकन खाली बसली. उडालेले टवके मी चिखलात कालवून पुन्हा बसवले, वरून सारवलं. आम्हीच आमच्या हाताने त्या साहेबांचं काम नीट करून दिलं.

पुढच्या सालच्या तपासणीला साहेब गल्लीत आले. आमच्याकडे त्यांचं काही काम नव्हतं, आम्ही कायमचे सुटलेलो. पण मुद्दाम आले, पाणी प्यायला म्हणून. वहाणा बाहेर काढल्या. जिनाला सुट्टी होती, म्हणून मायही घरात. ते आत येऊन सगळीकडे बघत राहिले, जमीन बघितली, खूश झाले. मग वर बघितलं. मागाची लाकडं, फणी, पावड्या, सगळं आढ्याला बांधून ठेवलेलं होतं.

"माग चौकटीवर बसवला नाहीत?"

मायने आबांकडे बघितलं. शेवटी मी बोलले. लहान होते तरी माझी जीभ तेव्हाही अशीच होती. मी सगळं सांगितलं, आबांचे पाय, लुगडं, शेठ, जिन, सगळं. माय डोळ्यांनी मला दटावत होती, मी थांबले नाही. साहेबांच्या हातातला पेला तसाच राहिला.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" ते मायला म्हणाले.

"चाचांनी सांगितलं होतं साहेब," माय म्हणाली. रागाने नाही, नुसतंच सांगितल्यासारखं.

साहेब भिंतीला टेकून खालीच बसले. मग म्हणाले, काही करता येईल असं वाटत नाही. कायमचा दाखला त्यांनाही मागे घेता येत नव्हता. एकच वाट होती. हे घर राहण्यालायक नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं. मग दाखला रद्द होईल, मग जमीन खणायला बंदी राहणार नाही. पण राहण्यालायक नाही म्हटल्यावर घराला कुलूप लागणार, आणि माणसं बाहेर. त्या कुलूपबंद घरात खड्डा खणून काय करायचं? "माझ्या हातात दुसरं काहीच नाही हो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

आबा इतका वेळ आपल्या जागेवर पाय पसरून बसलेले. त्यांनी मान वर केली, साहेबांचा आवाज येत होता त्या बाजूला.

"मंग लिखी टाका साहेब," ते म्हणाले. "हाई घर ऱ्हावालायक नही शे."

साहेबांनी मायकडे बघितलं. माझंही लक्ष तिच्याकडेच होतं. तिचे हात थरथरत होते. तिने ते पदराखाली घेतले, आणि ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही.

साहेबांनी पेला खाली ठेवला आणि ते उठले. त्यांनी काही लिहिलं नाही. आम्ही त्या घरात पुढे पुष्कळ वर्षं राहिलो.